प्रतिसाद: भाडेकरार आधी, फॉर्म नंतर

अक्कलकोट रोडवरून जुळे सोलापुरात गेल्यावर जवळची शाळा मिळेलच का, असं तुम्ही विचारलंय. साध्या प्रवेशासाठी खासगी शाळेला हद्द नसते, जागा आणि फी पाहायची. अंतराला खरं वजन आहे ते आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी मोफत राखलेल्या, २५ टक्के जागांत. तिथे आधी १ किलोमीटरच्या आतली मुलं, मग १ ते ३ किलोमीटरची.

म्हणून आरटीईच्या ऑनलाइन फॉर्ममधल्या नकाशावर घराची खूण तुम्ही स्वतः लावा. आमचा फॉर्म नेट कॅफेवाल्याने भरला, खूण शेजारच्या नगरात पडली आणि हाताशी असलेली शाळा लांबची ठरली. लेकीचं ते वर्ष गेलं, अजून जिवाला लागतं.

दुसरं, भाड्याचं घर असेल तर करार नोंदणीकृतच हवा, किमान ११ महिन्यांचा, आणि फॉर्म भरण्याच्या आधीच्या तारखेचा. नोटरी चालत नाही. घरमालक टाळाटाळ करतात, पण ताई, इथे भीड धरू नका. नातेवाइकांचा पत्ता तर मुळीच देऊ नका, पडताळणीत प्रवेश रद्द होतो.

तुमच्या धाकट्याचा आरटीईतून पहिलीचा प्रवेश असेल तर घर आधी बदला. थोरलीला मात्र वर्ष संपेपर्यंत जुन्याच शाळेत राहू द्या.