मदत हवी आहे: १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर रस्त्यावर आणायची आहे, सुरुवात कुठून करू? (बेळगाव)

नमस्कार मंडळी,

जांबोटी रोडला मामांच्या शेतातल्या शेडमध्ये एक स्पिटफायर मार्क ३ उभी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीटची, उघड्या टपाची, १२९६ सीसीची. मामांनी ती ऐंशीच्या दशकात कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून घेतली होती. मामा गेले. मामी म्हणाल्या, "तुला हौस आहे तर ने बाई, भंगारवाला सारखा विचारतोय."

हौस आहे, माहिती नाही. मी कॉलेजात गणित शिकवते. स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे माझी मजल गेलेली नाही.

मला प्रदर्शनात ठेवायची गाडी नको. रविवारी सकाळी खानापूर, जांबोटी, फार तर निपाणीपर्यंत जाऊन धडधाकट घरी येणारी गाडी हवी. रंग फिका असला तरी चालेल, क्रोमवर डाग असले तरी चालतील. पण ब्रेक लागला पाहिजे आणि चाक जागेवर राहिलं पाहिजे. घरात मात्र सगळ्यांना उलटं हवंय. नवऱ्याला आधी इंजिनाचा आवाज ऐकायचाय. मेस्त्री म्हणतो आधी कलर मारू, म्हणजे मन लागतं. (मन त्याचं लागणार, पैसे माझे लागणार.)

गाडीची हालत सांगते. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. दोन्ही दारांखालचे सिल (उंबऱ्यासारखे पत्र्याचे लांब भाग) खालून कुजलेत, स्क्रूड्रायव्हर आरपार जातो. चासी ठोकून पाहिली, मधला भाग टणक वाटतो. इंजिन हाताने फिरतं. ब्रेक पेडल जमिनीला टेकतं. टायर दगडासारखे झालेत.

खरी अडचण पुढच्या चाकाची आहे. चाक वरखाली धरून हलवलं की खट खट होतं. मेस्त्रीने उघडल्यावर खाली एक पितळी रंगाचा तुकडा निघाला आणि त्यात आट्याने बसलेला उभा लोखंडी दांडा. दांड्याचे आटे झिजलेत, वरच्या बाजूला गंजाने खड्डे पडलेत. मेस्त्री म्हणतो, उद्यमबागेत कुठल्याही लेथवर असा दांडा दोन दिवसांत मारून मिळेल. बेळगावात काय होत नाही? क्रँकशाफ्ट होतात, पंप होतात, विमानाचे पार्टसुद्धा होतात. तर हा दांडा इथे करून घ्यावा का, हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरं, मागचा पाटा (पानांची स्प्रिंग) बसलाय, चाकं वरून आत झुकलेली दिसतात. पाटेवाला म्हणतो नवीन बाक देऊन दोन इंच उचलून देतो, स्पीडब्रेकरला घासणार नाही. देऊ का? मामांची गाडी एकदा पावसात चोर्ला घाटात मागून सरकून अर्धी फिरली होती, त्यामुळे या मागच्या भागाची मला जरा धास्तीच आहे.

आणि कागद. आरसी मामांच्या नावावर, नंबर जुन्या मैसूर राज्याचा, एमवायने सुरू होणारा. मुदत केव्हाच संपलीय. व्हिंटेज नोंदणी करावी म्हणतात, ते बरोबर आहे का?

लेथवाला

ताई, उद्यमबागेत माझं स्वतःचं मशीन शॉप आहे. तुमच्यासारखं गिऱ्हाईक आलं तर मला आनंदच आहे, तरी सांगतो: हा दांडा कुणाकडूनही मारून घेऊ नका. माझ्याकडूनही नको.

त्याला व्हर्टिकल लिंक म्हणतात, खालच्या तुकड्याला ट्रनियन. मूळ लिंक फोर्जिंगची आहे. फोर्जिंगमध्ये लोखंडाचा दाणा आकाराबरोबर वळलेला असतो. आम्ही गोल बारमधून कापून तोच आकार काढला की दाणा मध्येच तुटतो. माप मायक्रॉनमध्ये जुळेल, गाडी उभी राहील, तुम्ही खूश व्हाल. पण आटे जिथे संपतात नेमकी तिथेच ही लिंक तुटते, आणि तुटली की चाक आडवं होऊन गाडीखाली जातं. तेही वळताना, कारण तेव्हाच जोर येतो.

तुमच्या लिंकवर खड्डे आहेत म्हणजे ती बादच. दुसऱ्या बाजूची बरी दिसत असली तरी साफ करून मॅग्नाफ्लक्स (चुंबकाने चीर शोधायची तपासणी) करून घ्या. इथल्या फाउंड्री-फोर्जिंगवाल्यांकडे ती सोय असते. डोळ्याला न दिसणारी चीर त्यात दिसते. खरं सांगू का, दोन्ही नवीनच मागवा की. इंग्लंडात ट्रायम्फचे पार्ट विकणारी दुकानं आहेत, रिमर ब्रदर्स, कॅनली क्लासिक्स वगैरे. मागवताना डावी-उजवी नीट सांगा, एका बाजूचे आटे उलटे असतात.

बाकी कामं बिनधास्त इथे करा. ब्रेक ड्रमला कट मारणं, बुश, पिना, सायलेन्सरचा पाइप, इंजिनाच्या हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) बसवणं. ते शेवटचं विसरू नका. ही गाडी शिशाच्या पेट्रोलच्या जमान्यातली आहे, आपल्याकडे ते २००० सालीच बंद झालं. शिशाविना मऊ सीट हळूहळू खाल्ल्या जातात.

जुना हेराल्डवाला

माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासला बनलेली, ९४८ सीसीची. स्पिटफायर ही हेराल्डचीच बहीण, पुढचं सस्पेन्शन त्याच जातीचं. त्यामुळे तुमच्या ट्रनियनचं काय झालं असणार ते न बघताही सांगता येतं: वर्षानुवर्षं ग्रीस मारलं असणार. आपल्या मेस्त्र्यांना निपल (ग्रीस भरायची तोटी) दिसला की गन लावायची सवय. ट्रनियनला ग्रीस नको, गिअर ऑइल लागतं, ईपी ९०. ग्रीस आट्यांपर्यंत पोचतच नाही, वरच घट्ट होऊन बसतं. मग आत पाणी शिरतं, गंज धरतो. नवीन बसवल्यावर निपलमधून तेल मारा, वरून बाहेर येईपर्यंत. पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, आणि मधेही मारलंत तर वाया जाणार नाही. थोडं गळेल, गळू दे. मेस्त्रीच्या हाती ग्रीसगन दिसली तर काढून घ्या.

पाटा उचलायचा नाही! मागे स्विंग ॲक्सल आहे, प्रत्येक चाक डिफरन्शियलजवळच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीजवळच्या) सांध्याभोवती वरखाली होतं. मागचा भाग उंच केला की चाकं खालून आत जातात. त्यात वळणावर घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला की मागचा भाग आणखी उचलतो, बाहेरचं चाक अंगाखाली दुमडतं आणि शेपूट फिरतं. मामांचं चोर्ल्यात हेच झालं असावं. चाकं वरून किंचित आत झुकलेली असणं या गाडीला चांगलंच. कंपनीने १९७० मध्ये मार्क ४ ला पाट्याची रचना बदलली ती याच दुखण्यासाठी. पाटा खोलून, पानं साफ करून, मूळ उंचीवर आणा आणि स्पीडब्रेकरला तिरकी घ्या.

निपाणीकर

ब्रेकला ओम्नीचा बूस्टर लावा. माझ्या पद्मिनीला लावलाय, पाय ठेवला की थांबते. तवंदी घाट मस्त उतरतो.

जुना हेराल्डवाला

@निपाणीकर, बूस्टरने पायाचा जोर वाचतो, तेवढंच. या गाडीत चारी चाकांना एकच लाइन आहे. एक होज (ब्रेकतेलाची नळी) फुटला की चारीही गेले, बूस्टर असो नसो. आणि जुन्या होजवर जास्त दाब म्हणजे फुटायला आमंत्रण. आधी सगळे रबरी होज, सगळे पाइप, मास्टर सिलिंडर, पुढच्या कॅलिपरचे सील, मागचे व्हील सिलिंडर बदला आणि ब्रेकचं डॉट ४ तेल भरा. हँडब्रेक वेगळ्या केबलवर आहे, ती शेवटची दोरी. उतारावर गाडी धरून ठेवेल इतका तो ताठ हवा. मग पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगाने. तवंदी राहू दे.

बापट गल्ली

टायरबद्दल कुणी बोललं नाही. तेरा इंची रिम आहे, वॅगन-आरचा १४५/८० आर १३ कुठेही मिळतो. चारी बदला, जुने नायलॉन आणि नवे रेडिअल मिसळू नका. बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. दुकानदार "फ्रेश आहे" म्हणाला तरी वाकून वाचा.

पेट्रोलचे पाइपही सगळे टाका. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे, जुनं रबर त्यात सुजतं, तडकतं. आणि स्पिटफायरचे कार्ब्युरेटर एक्झॉस्टच्याच बाजूला आहेत, गळती तिथे परवडत नाही.

सीमेवरचा वकील

कागदाचं. व्हिंटेज नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांसाठी आहेत, म्हणजे तुमची बसते. पण अट वाचा: प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई. तुमचं "रविवारी खानापूर" त्यात कसं बसवणार? फीही नव्या नोंदणीला वीस हजार आहे. त्यापेक्षा आधी वारस म्हणून फॉर्म ३१ वर नाव करून घ्या, मग साधं नूतनीकरण, ते पाच-पाच वर्षांचं मिळतं. आधी आरटीओत जाऊन एवढंच विचारा की हा नंबर संगणकावर चढलाय का. जुन्या वहीतला राहिला असेल तर तो चढवून घेणं हेच मोठं काम. मूळ आरसीला लॅमिनेशन करू नका, आणि सोबत कन्नड वाचता येणारं कुणीतरी न्या.

लेथवाला

सिलबद्दल राहिलं. या गाडीत सिल नुसती शोभा नाही, अंगाचा भार त्यावर असतो. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्या, गाडी सपाट जमिनीवर चाकांवर ठेवा, आणि एका वेळी एकच बाजू कापा. नाहीतर दार पुन्हा लागणार नाही. पत्र्यावर पत्रा चिकटवून पुटी भरणारा भेटला तर त्याला नमस्कार करून परत या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा ठरवलाय: दोन्ही लिंक आणि ट्रनियन नवीन, मग ब्रेक पूर्ण, मग टायर आणि पेट्रोलचे पाइप, मग सिल. इंजिन त्यानंतर. रंगाचं नाव वर्षभर काढायचं नाही, हे मेस्त्रीला सांगितलंय. तो रुसलाय, पण ईपी ९० चा डबा मात्र स्वतःहून आणून ठेवलाय.

पाटेवाल्यालाही नको म्हणून कळवलं. त्याला पटलं नाही, "उंच गाडीच भारी दिसते" म्हणाला.

दोन शंका उरल्या. ड्रायव्हरच्या बाजूला सीटबेल्टचे नट चासीजवळ सापडलेत पण गंजलेत. नवीन जागा वेल्ड करताना मागे जाड पट्टी किती मोठी लावावी? आणि लिंकसारखं छोटं पार्सल इंग्लंडहून मागवल्यावर कस्टममधून सोडवताना नेमके कोणते कागद मागितले, हे अलीकडे कुणी केलं असेल तर सांगा. कोल्हापूर-सांगलीकडचे असाल तरी चालेल, व्यनि करा.