'मेडिक'ला मराठीत हाक कशी मारायची?

मंडळी एक अडचण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या, जपानच्या ओकिनावा बेटावरच्या लढाईवर (१९४५) एक लेख लिहितेय आणि 'मेडिक' (लढाईत जखमींवर तिथल्या तिथे उपचार करणारा सैनिक) या शब्दापाशी चार दिवस गाडी अडकलीय. डेस्मंड डॉस म्हणून एक अमेरिकन सैनिक होता, बंदुकीला हात लावणार नाही म्हणाला पण सैन्यात मात्र गेला, ७७व्या डिव्हिजनबरोबर ग्वाम, लेयटे करत ओकिनावाला पोचला आणि तिथल्या मायेदाच्या कड्यावरून जखमी लोकांना दोराला बांधून एकेक करून खाली सोडलं. किती जणांना ते कुणी मोजलं नव्हतं, तो म्हणे पन्नास असतील, बाकीचे म्हणे शंभर, शेवटी ७५ वर तोड निघाली आणि शौर्यपदकाच्या मानपत्रात तोच आकडा गेला.

तर शब्द. 'वैद्यकीय सहाय्यक' लिहिलं की तालुक्याच्या दवाखान्यात केसपेपर काढणारा माणूस डोळ्यासमोर येतो. 'शुश्रूषक' कुणाला उच्चारता येत नाही. 'परिचारक' तर परिचारिकेचा नवरा वाटतो (हसू नका). आणि खरी पंचाईत अशी की लेखात एक जखमी सैनिक ओरडतो. आता पोटात गोळी लागलेला माणूस "वैद्यकीय सहाय्यक!" असं ओरडेल का, शब्द पूर्ण व्हायच्या आत जायचा बिचारा.

---

ताई, आधी हे बघा की तुमचा माणूस आर्मीतला आहे की मरीन्समधला (मरीन्स म्हणजे नौदलाला जोडलेलं वेगळं लढाऊ दल). अमेरिकन आर्मीत मेडिक, पण मरीन्सकडे स्वतःचे मेडिक नव्हतेच, अजूनही नाहीयेत, त्यांना नेव्हीकडून माणूस मिळतो आणि त्याला म्हणतात 'कोरमन'. स्पेलिंगमधे प आणि स दोन्ही आहेत पण दोन्ही गिळायचे. ओबामा २०१० साली भाषणात चुकून 'कॉर्प्समन' म्हणाले तर केवढी बोंब झाली होती, कारण तसा उच्चार केला की ऐकणाऱ्याला इंग्रजी 'कॉर्प्स', म्हणजे प्रेत, ऐकू येतं. डॉस आर्मीचा म्हणजे मेडिकच. तेवढं मात्र सांभाळा, इवो जिमा बेटाचं काही लिहिणार असाल तर तिथे मरीन्स लढले, म्हणून कोरमन लागेल.

---

मला वाटतं शब्द शोधायची गरजच नाही. दोघांनाही तोंडावर 'डॉक' म्हणायचे. डिग्रीबिग्री काही नाही, काही महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेलं १८-२० वर्षांचं पोरगं, पण प्लाटूनचा डॉक. आमचे मामा आपल्या आर्मी मेडिकल कोअरमधे नर्सिंग असिस्टंट होते, कागदावर नर्सिंग असिस्टंट आणि जवान लोक हाक मारायचे "डॉक्टर साब". खरे डॉक्टर कॅप्टन-मेजर, त्यांना फक्त 'साब'. मामा रिटायर होऊन गावी आले तरी लोक रात्री-अपरात्री विंचू चावला म्हणून दार वाजवायचे आणि मामी आतून ओरडायची की डॉक्टर नाहीत हो हे. म्हणजे हुद्द्याला एक शब्द आणि हाकेला वेगळा, हे तिकडेही तसंच इकडेही तसंच.

---

वरच्या प्रतिसादाला +१. पण हाकेवरून अजून एक. पॅसिफिकमधे ही हाक मारणंच धोक्याचं होतं. युरोपात हेल्मेटवर लाल क्रॉस रंगवलेला, दंडाला पट्टी, आणि बऱ्याच वेळा समोरचा ती पाळायचा. इकडे जपानी स्नायपर मेडिकलाच आधी टिपतात असा अनुभव आला म्हणून लोकांनी पट्ट्या काढून टाकल्या, क्रॉस पुसले, आणि बरेच मेडिक स्वतः कार्बाइन नाहीतर पिस्तुल बाळगायला लागले. मोठ्याने "मेडिक" ओरडलं की झाडीतल्या माणसालाही कळणार आता कोण उठून पळणार ते. म्हणून ताईंच्या वाक्यात ओरडणं असेल तर ते जरा विचार करून, कदाचित तो ओरडणारच नाही, नुसता कण्हेल.

याच ओकिनावावर रॉबर्ट बुश नावाचा कोरमन होता, वय १८. २ मे १९४५. एका हाताने प्लाझ्माची बाटली उंच धरून ठेवलीय कारण खाली केली तर थेंब थांबणार, आणि दुसऱ्या हाताने समोरून येणाऱ्यांवर पिस्तुल झाडतोय. एक डोळा गेला त्याचा. आणि हो, इथे कृपा करून 'सलाईनची बाटली' लिहू नका, मराठीत सगळेच ती चूक करतात. रक्तातला पिवळट भाग वेगळा काढून, वाळवून, भुकटी करून पाठवलेली असायची आणि जागेवर पाण्यात कालवायची. रक्तद्रव म्हणा नाहीतर सरळ प्लाझ्मा.

---

'घायाळ' टाळा हं. तो शब्द आता फक्त नजरेने होतात त्यांच्यासाठी उरलाय. जखमी चालेल. मला जुना 'जायबंदी' आवडतो, बखरीत घोडी जाया झाली वगैरे वाचलेलं आठवतं, पण हल्ली जायबंदी फक्त क्रिकेटपटू होतात, मांडीचा स्नायू दुखावला की. स्ट्रेचरला 'डोली' चालेल का? जुन्या हिंदी फौजेत जखमींना डोलीतूनच न्यायचे आणि इंग्रजांनी तोच शब्द उचलला होता. आमच्याकडे घाटात अजून रस्ता नाही तिथे झोळी करून नेतात पेशंट.

---

डोली नको, नवरी आठवते. झोळी जास्त बरोबर. न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर (१९४२) पापुअन हमालांनी ऑस्ट्रेलियन जखमींना चिखलातून असंच खांद्यावर आणलं, चौघे चौघे, ब्लँकेट दोन दांड्यांना बांधून.

आणि एक राहिलं. सिनेमामुळे सगळ्यांना गोळ्या आणि रक्त दिसतं, पण मेडिकचा रोजचा धंदा मलेरिया आणि पाय. ग्वाडलकॅनालला गोळीपेक्षा तापाने जास्त लोक पडले. अॅटाब्रिनच्या कडू पिवळ्या गोळ्या होत्या, कातडी पिवळी पडायची आणि पोरांमधे अफवा की याने पुरुषत्व जातं, त्यामुळे गोळी जिभेखाली ठेवून नंतर थुंकायचे, मग जेवणाच्या रांगेत माणूस उभा करून गिळली की नाही ते बघायला लागायचं. आणि 'जंगल रॉट' चं भाषांतर 'जंगली कुज' कुठेतरी वाचलं, डोक्याला हात लावला. अहो चिखल्या! लावणीच्या दिवसात बोटांच्या बेचक्यात होतात त्या. तिकडे घोट्यापर्यंत चढायच्या एवढाच फरक, बूट आठवडा आठवडा निघत नव्हते ना.

---

चिखल्या एकदम पटलं, घेतेय.

आता दुसरा शब्द. डॉसला कागदावर 'कॉन्शन्शस ऑब्जेक्टर' म्हणायचे. शब्दकोशात 'सदसद्विवेकबुद्धीने युद्धास विरोध करणारा' असं काहीतरी आहे, ती व्याख्या झाली, शब्द नाही. आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला हा शब्द आवडायचा नाही, तो म्हणायचा मी ऑब्जेक्टर नाही, मी 'कोऑपरेटर'. शिपयार्डात काम होतं, सैन्यभरतीतून सूट मिळत होती, तरी गेला. मग 'युद्धविरोधी' कसं लिहू?

---

'न धरी शस्त्र करी' वाला! कृष्णासारखा.

---

कृष्ण चाक घेऊन भीष्मावर धावला होता की. डॉस नाही धावला. 'निःशस्त्र' लिहा ना सरळ, निःशस्त्र सैनिक. विरोध, सहकार्य काही नको, हातात काय नव्हतं ते सांगा.

---

निःशस्त्र बरं आहे. पण एक प्रसंग आहे तो तपासून द्या. २१ मेच्या रात्री त्याचे पाय ग्रेनेडने फाटले, पाच तास पडून राहिला, झोळी आली तेव्हा वाटेत दुसरा जास्त जखमी दिसला म्हणून स्वतः खाली सरकला आणि त्याला न्या म्हणाला. मग गोळीने हात मोडला. तेव्हा त्याने रायफलचा मागचा लाकडी भाग हाताला स्प्लिंट म्हणून बांधला आणि तीनशे यार्ड सरपटत मदतकेंद्रापर्यंत गेला. मी लिहिलंय "बंदुकीचा उपयोग त्याने आधारपट्टी म्हणून केला". मेलेलं वाक्य आहे ना?

---

मेलेलंच. स्टॉकला दस्ता, पोलिसांच्या फिर्यादीत असतो तो, "दस्त्याने मारहाण केली". आणि हाडवैद्य हात बसवल्यावर बांबूच्या कामट्या बांधतो की नाही, मग: "रायफलच्या दस्त्याची कामटी करून हात बांधला."

---

हातात रायफल घेतली की नाही मग त्याने शेवटी? 😄

---

हातात नाही हो, हाताला.

---

हे वाक्य चोरतेय. आणि ओरडणारा सैनिक आता "डॉक" एवढंच म्हणतो, तेही हळू.