एक्स-फाइल्समधला मॅक्स फेनिग: बिचारा, की आजच्या पुडीबाजांचा मूळपुरुष?

पावशेर_शंका

एक्स-फाइल्स ही एफबीआयच्या गूढ केसेसची अमेरिकन मालिका पुन्हा पहिल्यापासून बघतोय. लहानपणी केबलवर आवाज बारीक करून बघायचो, कारण त्या शीळ वाजणाऱ्या सुरावटीने आई दचकून उठायची.

आता दहाव्या भागाशी अडलोय. नोव्हेंबर १९९३ चा. विस्कॉन्सिनमध्ये काहीतरी कोसळलंय आणि लष्कराने गाव रिकामं केलंय. एफबीआयचा मुल्डर परवानगीशिवाय घुसतो आणि पकडला जातो. शेजारच्या पिंजऱ्यात मॅक्स फेनिग, डोक्यावर निकॅपची टोपी. (निकॅप ही उडत्या तबकड्यांच्या मागावर असलेली खरी संघटना. ती १९८० मध्येच बंद पडली, टोपी मात्र पडद्यावर टिकली.) पुढे कळतं की या मॅक्सने माहितीच्या कायद्याखाली मुल्डरची प्रवासखर्चाची बिलं मागवून त्याचा माग ठेवलाय. मुल्डरने 'एम. एफ. लुडर' या टोपणनावाने लिहिलेला लेखही त्याने ओळखलाय. इंग्रजी अक्षरं फिरवली की एफ. मुल्डर!

लहानपणी भारी वाटलं होतं. आता अंगावर काटा आला. अनोळखी माणूस तुमची बिलं चाळत बसलाय आणि मालिका त्याला गोंडस करून दाखवते. मुल्डरची जोडीदार एजंट स्कली डॉक्टर आहे, मॅक्सच्या गोळ्या बघून हा मानसिक आजार असावा म्हणते. पण मग त्याच्या कानामागे परग्रहवासीयांनी नेल्याची खूण ठरणारा व्रण सापडतो आणि शेवटी मॅक्स लख्ख उजेडात उचलला जातो. म्हणजे चक्रम बरोबर, डॉक्टरीण चूक!

हे गमतीचं राहिलेलं नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला, २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. कटकारस्थानांचा कार्यक्रम चालवणाऱ्या ॲलेक्स जोन्सने वर्षानुवर्षं हे सगळं नाटक असल्याच्या कंड्या पिकवल्या. तिथे धावून गेलेल्या एफबीआयच्या एका एजंटलाही लोकांनी 'भाड्याचा नट' ठरवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्युरीने जोन्सला ९६.५ कोटी डॉलरची भरपाई लावली, त्यातले ९ कोटी त्या एजंटला. फेडरल एजंटला छळणं प्रत्यक्षात असं दिसतं.

माझं म्हणणं एवढंच: 'वेडा म्हणतात तोच खरा' ही गोडी मालिकेने लावली.

उंबरठा

वडाची साल पिंपळाला! जोन्सकडे माईक होता, दुकान होतं, गिऱ्हाईक होतं. मॅक्सकडे काय? एक फिरतं घर आणि फिट्स. तो भाग परत बघ. फिट येऊन गेल्यावर तो बसलेला असतो ना, ते तोंड बघ. त्याला काही विकायचं नाहीये, कोणीतरी ऐकून घ्यावं एवढंच हवंय.

आणि बिलांचं म्हणशील तर त्याने कायद्याने अर्ज केला. आपल्याकडे २००५ नंतर माहिती अधिकारात साहेबांचे दौरे विचारणाऱ्यालाही ऑफिसात 'आला तो चक्रम' असंच म्हणतात. माझे मामा त्यातले. भाचा म्हणून आम्हीही वैतागायचो, पण रस्त्याचं बिल त्यांनीच बाहेर काढलं.

पावशेर_शंका

मामांना नमस्कार. पण मामांनी रस्त्याचं बिल मागितलं, इंजिनियरच्या टोपणनावाची अक्षरं फिरवत नाही बसले.

उंबरठा

मामांना ओळखत नाहीस तू.

जुनी_फाईल

तुम्हा दोघांचं वय कळतंय, म्हणून थोडं मागचं सांगतो. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावी काही साध्या नागरिकांनी एफबीआयची कचेरी फोडली. मुद्दाम अली-फ्रेझर या बॉक्सिंगच्या लढतीची रात्र निवडली, सगळं लक्ष तिकडे असणार म्हणून. कागद वर्तमानपत्रांकडे पाठवले. त्यातून पुढे कोइंटेलप्रो हा एफबीआयचा गुप्त कार्यक्रम बाहेर आला: चळवळीतल्या माणसांवर पाळत, खोटी पत्रं. १९६४ मध्ये तर मार्टिन ल्यूथर किंग यांना 'जीव दे' असं सुचवणारं निनावी पत्र खुद्द एफबीआयने धाडलं होतं.

तेव्हा एजंट बिचारा आणि संशय घेणारा वेडा, ही मांडणी अमेरिकेत तरी एवढी सरळ नाही. मालिकेतला पहिला खबऱ्याही 'डीप थ्रोट' आहे, नाव थेट वॉटरगेट प्रकरणातल्या निनावी खबऱ्यावरून उचललेलं. ज्या पिढीने हे पाहिलं तिने मॅक्सला खरं ठरवलं तर नवल काय?

पावशेर_शंका

अहो काका, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्या लोकांच्या हाती कागद होते. मॅक्सच्या हाती लेखकाने काढून दिलेला व्रण आहे! पुरावा लेखकच पुरवणार असेल तर कुठलीही पुडी खरी निघेल.

स्कलीची_मैत्रीण

मॅक्सवर कशाला घसरताय, २०१६ चा दहावा सीझन बघा. तिथे टॅड ओमॅली येतो, इंटरनेटवर कार्यक्रम करणारा, लिमोझिनमधून हिंडणारा. मॅक्सला निदान एजंटकडून काही शिकायचं होतं, हा एजंटलाच शिकवतो. आणि कटाचं स्वरूप काय, तर देवीच्या लशीतून माणसांत घातलेलं काहीतरी! देवीची लस, जिने तो रोग जगातून घालवला. वर हे सगळं प्रयोगशाळेत सिद्ध कोणी करायचं, तर स्कलीने. मी पॅथॉलॉजीत काम करते. तिथेच टीव्ही बंद केला. बाकी सगळं माफ आहे, स्कलीच्या तोंडून हे वदवणं नाही.

उंबरठा

यावर पूर्ण सहमत. ओमॅली विकाऊ आहे, मॅक्स नाही, हेच तर मी केव्हापासून सांगतोय. पण २०१८ मध्ये ते सगळं स्कलीला दिसलेलं भविष्याचं दृश्य होतं म्हणून लेखकांनी गुंडाळलं, तेही सांगा.

आणि त्याच २०१८ च्या सीझनमधला रेजीचा भाग! कुठूनसा एक माणूस उगवतो आणि मुल्डरला गळी उतरवायला लागतो की एक्स-फाइल्स मीच सुरू केल्या, तुमच्या सगळ्या जुन्या केसेसमध्ये मी होतो, लोकांच्या आठवणी बदलल्यात. जुन्या प्रसंगांत त्याला चिकटवून दाखवलाय, हसून मुरकुंडी वळते. शेवटी वेड्यांच्या इस्पितळाची गाडी येऊन त्याला घेऊन जाते. झाली ना तुझी डॉक्टरीण बरोबर?

पावशेर_शंका

गाडी निघाल्यावर काय होतं ते का गाळलंस? मुल्डरचा साहेब स्किनर येतो आणि विचारतो, रेजीला कुठे नेताहेत? म्हणजे साहेबही त्याला ओळखतात! २५ वर्षांनीसुद्धा यांना शेवटच्या मिनिटाला चक्रमाला खरं ठरवल्याशिवाय राहवत नाही.

उंबरठा

तो विनोद आहे रे. खरं सांग, हसलास की नाही?

पावशेर_शंका

हसलो. दोनदा मागे नेऊन बघितलं.

जुनी_फाईल

मॅक्स १९९७ मध्ये परत येतो, दोन भागांत. तेवढे बघा आणि मग भांडा.