न्यू जर्सी: दुकानाशेजारच्या घराच्या प्लॉटवर पार्किंग, कुठला व्हेरिअन्स लागेल?

वाणसामान
मिडलसेक्स काउंटीत माझं किराणा आणि चाटचं दुकान आहे. जागा कमर्शियल झोनमध्ये, पार्किंग ३८ गाड्यांचं. शनिवार-रविवारी ते भरून गाड्या शेजारच्या गल्लीत लागतात. लगतचं जुनं घर विकायला आलंय: प्लॉट ७५ फूट रुंद, १२० फूट खोल, झोन निवासी. घर पाडून तिथे २६ गाड्या बसवायच्या आहेत. आर्किटेक्टच्या मते दोन्ही प्लॉट एका डीडमध्ये (मालकीच्या दस्तात) आणले की झोनचा प्रश्न मिटतो, राहिलाच तर हद्दीपासूनच्या अंतरासाठी साधा 'सी' व्हेरिअन्स (म्हणजे मोजमापाच्या झोनिंग नियमातून सूट). हे बरोबर आहे का? घराचा करार पुढच्या आठवड्यात आहे.

झोनरेघ
तशी सही करू नका. 'मंजुरी मिळून अपिलाची मुदत संपली तरच खरेदी' ही अट वकिलाकडून आधी करारात घालून घ्या.

प्लॉट एकत्र केले तरी झोनची रेघ जागची हलत नाही. निवासी भागात दुकानाच्या गाड्या लावणं म्हणजे तो भाग दुकानासाठीच वापरणं. त्यामुळे हा यूज व्हेरिअन्स झाला, म्हणजे झोनमध्ये न बसणाऱ्या वापरासाठीची सूट: राज्याच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमधला डी(१), कलम ४०:५५डी-७०. त्याला झोनिंग बोर्डाच्या सातपैकी पाच सदस्यांचा होकार लागतो, हजर कितीही असोत. पाचच जण आले असतील तर एका नकाराने अर्ज पडतो. अशा दिवशी वकिलाने मतदान पुढच्या बैठकीवर न्यायची विनंती करावी. गैरहजर सदस्याने रेकॉर्डिंग ऐकून तसं लिहून दिलं की त्यालाही मत देता येतं.

एक गोष्ट मात्र आधी बघा. काही गावांच्या ऑर्डिनन्समध्ये (स्थानिक नियमांत) कमर्शियल झोनला लागून असलेल्या निवासी प्लॉटवर अटींसह पार्किंग चालतं. तसं असेल आणि एखादीच अट मोडत असेल, तर तो डी(३) होतो. मतं तेवढीच लागतात, पण सिद्ध करायचं ओझं बरंच हलकं.

फूटपट्टी
२६ हा आकडा १२० भागिले ९ करून, दोन रांगांचा काढलेला दिसतोय. जागेवर तो टिकणार नाही.

गाडीची जागा ९ बाय १८ फूट, मधला दुतर्फा रस्ता २४ फूट. म्हणजे दोन रांगा आणि रस्ता मिळून ६० फूट. ७५ मधून उरले १५, ते पलीकडच्या घराच्या बाजूच्या झाडांच्या पट्ट्यात जातात. पुढे २५ आणि मागे १५ फूट सोडायचे धरा (तुमच्या ऑर्डिनन्सचे आकडे तपासून घ्या). लांबी उरते ८० फूट, म्हणजे रांगेला ८, एकूण १६.

आता या गाड्या आत शिरणार कुठून? गल्लीतून वेगळं फाटक मागितलंत तर शेजारी तिथेच अडवतील. जुन्या पार्किंगमधून वाट काढली तर ती २४ फुटांची, म्हणजे नव्या रांगेतल्या ३ जागा गेल्या असं धरा. जुन्या पार्किंगची रांग त्याच कुंपणाला लागून असेल तर तिथल्याही ३. नवे १३, जुने ३५, एकूण ४८. एक अख्खं घर पाडून निव्वळ १० जागा!

५० च्या आत राहिल्याने अपंगांसाठीच्या २ जागा पुरतात, ५१ झाल्या की ३ लागतात. विजेच्या गाड्यांसाठीच्या २०२१ च्या कायद्यातही ५० पर्यंत चार्जरसाठी वायरिंग केलेली एकच जागा पुरते, ५१ पासून दोन. शिवाय ५,००० चौरस फुटांपेक्षा जास्त माती उकरली की सॉइल कन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टचं (माती वाहून जाऊ नये हे बघणाऱ्या कार्यालयाचं) प्रमाणपत्र लागतं. इथे प्लॉटच ९,००० चौरस फुटांचा आहे. पावसाच्या पाण्याचे राज्याचे नियम पाव एकर, म्हणजे १०,८९० चौरस फूट नव्या पक्क्या पृष्ठभागाला लागतात. तिथे तुम्ही सुटता, पण गावाची मर्यादा त्याहून कडक असू शकते.

सुनावणी
अर्ज बहुतेक वेळा नोटिशीत आणि पुराव्यात अडकतो.

नोटीस: २०० फुटांच्या आतल्या मालकांची प्रमाणित यादी टाऊनशिपकडून घ्या. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी हातोहात किंवा सर्टिफाइड मेलने नोटीस पोचवा, कायद्यात सांगितलंय तिथे जाहीरही करा. यादीतला एक मालक सुटला तरी बोर्डाला सुनावणीचा अधिकारच राहत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. मजकूर सामान्य माणसाला कळेल असा हवा: 'घर पाडून दुकानासाठी पार्किंग' हे स्पष्ट लिहा. नुसता कलमाचा आकडा पुरत नाही.

पुरावा: 'गिऱ्हाईक वाढलं' हे कारण चालत नाही. हीच जागा या वापराला विशेष योग्य का, आणि गावाने निवासी म्हणून आखलेल्या झोनशी हे कसं जुळतं, हे दाखवावं लागतं. साउथ प्लेनफील्डमधल्या एका मोटेलवरून झालेल्या मेडिची खटल्यात १९८७ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने ही कसोटी कडक केली. शाळा किंवा हॉस्पिटलला लोकहिताचा वापर म्हणून मिळते ती सवलत किराण्याला नाही. त्यामुळे लायसन्सधारक प्लॅनरची (नगररचना तज्ज्ञाची) साक्ष हवीच, आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांची तासवार मोजणी करणारा ट्रॅफिक इंजिनियरही. दुकान कंपनीच्या नावावर असेल तर वकील सक्तीचा.

बोर्ड ऐकतं ते शेजाऱ्याच्या खिडकीचं. ६ फुटी भरीव कुंपण, आत बारमाही हिरवी झाडं, दिवे खाली तोंड करून आणि दुकान बंद झाल्यावर विझणारे, बर्फ साठवायची जागा नकाशावर दाखवलेली. हे स्वतःहून मांडा, मागेपर्यंत थांबू नका.

वाणसामान
मनापासून आभार. पाचशे गिऱ्हाइकांच्या सह्या गोळा केल्या तर? आणि समोरच्या चर्चची पार्किंग शनिवारी रिकामी असते, ती भाड्याने घेता येईल का?

सुनावणी
सह्यांच्या कागदाला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून तो पुरावा धरत नाहीत. तीन-चार शेजारी स्वतः येऊन शपथेवर बोलले तर उपयोग होईल. बोर्डाच्या सदस्याला बाहेर गाठून विषय काढू नका.

झोनरेघ
चर्च निवासी झोनमध्ये असेल तर तिथे दुकानाच्या गाड्या लावायलाही हाच व्हेरिअन्स लागू शकतो. त्याऐवजी कमर्शियल झोनमधलं, शनिवार-रविवार बंद असणारं एखादं ऑफिस शोधा. त्यांच्याशी लेखी करार करा, झोनिंग ऑफिसरचं उत्तरही लेखी घ्या आणि आधी नोकरवर्गाच्या गाड्या तिकडे हलवा. आठ गाड्या हलल्या तरी घर पाडून मिळणाऱ्या दहाच्या जवळ पोचता. मोजणी त्यानंतर पुन्हा करून बघा.