नक्षलग्रस्त भागातील मतदानाच्या टक्केवारीवरून नेमका कोणता निष्कर्ष काढावा?

प्रश्नकर्ता: मुळाकाठ

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील सर्वाधिक मतदान गडचिरोली-चिमूर मतदारसंघात झाले. ते ७१.८८ टक्के होते. त्याच निवडणुकीत मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील मतदारसंघ पन्नाशीच्या आसपास घुटमळत राहिले. निवडणूक आली की नक्षलवादी बहिष्काराची पत्रके टाकतात, झाडांना कापडी फलक बांधतात, रस्ते अडवतात, आणि तरीही मतदान होते. त्यामुळे दर वेळी निकालाआधीच ‘लोकशाहीचा विजय झाला’ असे जाहीर केले जाते. दुसरीकडे, बंदुकांच्या पहाऱ्यात झालेल्या मतदानाला जनमत कसे म्हणायचे, असा आक्षेप घेणारेही आहेत.

मला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. सशस्त्र बंडखोरी चालू असलेल्या प्रदेशात निवडणूक घेताना सुरक्षेची व्यवस्था मतदानाच्या स्वरूपावर कोणता परिणाम करते, आणि त्या निवडणुकीचा कस पाहायचा तर टक्केवारीखेरीज कशाकडे पाहावे, याविषयी प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा अभ्यास असलेल्या सभासदांनी लिहावे, ही विनंती. नक्षलवादी चळवळीच्या वैचारिक बाजूवर येथे यापूर्वी पुष्कळ वाद झाले आहेत. ते पुन्हा नकोत.

उत्तर १: पर्लकोटा

आपण दिलेला आकडा बरोबर आहे, पण तो ज्या मतदारसंघाचा आहे त्याची रचना आधी पाहावी लागेल. गडचिरोली-चिमूरमध्ये आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी यांच्याबरोबर चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी व चिमूर आणि गोंदिया जिल्ह्यातील आमगाव हे विधानसभा क्षेत्रही येते. ब्रह्मपुरीचा भातशेती करणारा मतदार आणि भामरागडच्या जंगलातला माडिया आदिवासी मतदार एकाच सरासरीत बसवले की त्या सरासरीतून छत्तीसगडमधील अबुझमाडच्या जंगलाच्या सीमेवरील गावांविषयी फारसे काही कळत नाही.

मी या जिल्ह्यात शिक्षक होतो आणि केंद्राध्यक्ष म्हणून निवडणुकीचे काम केले आहे. शहरातल्या कर्मचाऱ्याला आदल्या दिवशी साहित्य मिळते आणि तो बसने केंद्रावर पोहोचतो. आमच्याकडे एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांतील कित्येक पथके मतदानाच्या दोन-तीन दिवस आधीच हेलिकॉप्टरने जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोलीस मदत केंद्रात नेऊन ठेवली जातात आणि तेथून पुढे जवानांच्या सोबतीने पायी जातात. गाडीने जाणे सोयीचे असले तरी भूसुरुंगाचा धोका रस्त्यावरच असतो, म्हणून जवान मळलेली वाट टाळतात आणि मतदान यंत्राची कंट्रोल युनिट, बॅलेट युनिट आणि व्हीव्हीपॅट हे सगळे ओझे घेऊन रानातून चालावे लागते. हेलिकॉप्टर तरी सुरक्षित असते असे कोणी समजू नये. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधील बिजापूर जिल्ह्यात मतदान पथकाला आणायला गेलेल्या वायुसेनेच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार होऊन त्यातील एक कर्मचारी ठार झाला होता.

मतदाराच्या बाजूने पाहिले तर खरी अडचण केंद्र हलवण्याची आहे. मतदाराला साधारण दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये अशी निवडणूक आयोगाची अपेक्षा असते. संवेदनशील गावातील केंद्र मात्र सुरक्षेच्या कारणाने पोलीस मदत केंद्राजवळच्या गावात नेले जाते आणि मूळ गावातील लोकांना डोंगर-नाले ओलांडून तेथे यावे लागते. एवढे चालून ते येतात, हे मी पाहिलेले आहे. ते का येतात, याचे एकच उत्तर मात्र मला कधी मिळाले नाही. कोणाला रस्ता हवा असतो, कोणाला वनहक्काचा पट्टा. कोणी गावाने ठरवले म्हणून येतो, तर कोणाला मतदान केले नाही तर आपले गाव पोलिसांच्या नजरेत येईल असे वाटत असते.

उत्तर २: कलम छप्पन्न

कायद्याच्या अंगाने थोडी भर घालतो. गडचिरोलीत मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेतच होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ३ हीच वेळ का, हे फारसे कोणी सांगत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ नुसार मतदानाची वेळ आयोग ठरवतो, पण ती एका दिवशी आठ तासांपेक्षा कमी ठेवता येत नाही. सात ते तीन म्हणजे बरोबर आठ तास. अंधार पडण्याआधी पथक सुरक्षित ठिकाणी परत यावे म्हणून कायद्याने दिलेली सवलत येथे शेवटच्या मिनिटापर्यंत वापरली जाते. मोहफुले वेचण्याच्या हंगामात, एप्रिलच्या उन्हात, लांबून चालत येणाऱ्याला ही वेळ किती अपुरी आहे हे वेगळे सांगायला नको.

माझ्या मते याहून गंभीर प्रश्न गुप्ततेचा आहे आणि त्याची चर्चा जवळजवळ होतच नाही. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद निवडणूक नियमांत करण्यात आली होती. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचे आकडे स्वतंत्र येऊ लागले आणि ते नमुना २० या केंद्रनिहाय निकालपत्रकात प्रसिद्ध होतात. दोन हजार मतदारांच्या शहरी वस्तीत त्याने काही बिघडत नाही. पण जेथे एका केंद्रावर दोनशे-अडीचशे मतदार आहेत आणि ते दोन-तीन पाड्यांतले आहेत, तेथे कोणता पाडा कोणाच्या मागे उभा राहिला हे उमेदवारालाही कळते आणि जंगलातल्या दलमलाही (नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीला). अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर वापरण्याचा प्रस्ताव आयोगाने २००८ मध्ये दिला होता आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, तरी तो सरकारने स्वीकारला नाही. जिथे मतदान कोणाला केले हे कळणे जिवावर बेतू शकते, निदान अशा मतदारसंघांपुरता तरी तो स्वीकारायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोटावरच्या शाईचेही तेच. शहरात ती मिरवण्याची गोष्ट आहे; बस्तरमध्ये ती लावू नये अशी मागणी झालेली आहे.

उत्तर ३: सतलज ते वैनगंगा

टक्केवारीवरून निष्कर्ष काढण्यात किती धोका आहे, हे पाहण्यासाठी पंजाबचे उदाहरण उपयोगी पडेल. तेथे मे १९८७ पासून राष्ट्रपती राजवट होती आणि ती लांबवण्यासाठी संविधानात वारंवार दुरुस्ती करावी लागली. जून १९९१ मध्ये ठरलेली निवडणूक, प्रचाराच्या काळात अनेक उमेदवारांच्या हत्या झाल्यानंतर, मतदानाच्या आदल्या दिवशी रद्द झाली. मुख्य निवडणूक आयुक्त तेव्हा टी. एन. शेषन होते. पुढे फेब्रुवारी १९९२ मध्ये निवडणूक झाली तेव्हा अकाली दलाच्या प्रमुख गटांनी बहिष्कार घातला आणि मतदान जेमतेम २४ टक्के झाले. काँग्रेसला ११७ पैकी ८७ जागा मिळाल्या आणि बेअंतसिंग मुख्यमंत्री झाले. त्या सरकारला जनाधार नाही असे तेव्हा उघडपणे म्हटले जात होते आणि आकड्यांकडे पाहता ते खोटेही नव्हते.

पण पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९३ मध्ये, ग्रामपंचायतींच्या निवडणुकांत ८० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. मधल्या काळात के. पी. एस. गिल यांच्या पोलीस दलाने दहशतवादी गटांचा कणा मोडला होता, हे एक कारण. दुसरे असे की गावचा सरपंच कोण असावा हा प्रश्न लोकांना चंदीगडच्या सत्तेपेक्षा जवळचा होता. त्या पोलीस कारवाईत बेकायदा हत्या झाल्या आणि हजारो बेवारस म्हणून नोंदवलेल्या प्रेतांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालय आणि मानवी हक्क आयोगापर्यंत गेले, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. बेअंतसिंग यांची ३१ ऑगस्ट १९९५ रोजी हत्या झाली, म्हणजे मतदान वाढल्यावरही सत्तेवर असलेल्या माणसाच्या जिवाचा धोका संपलेला नव्हता.

मुळाकाठ

पंजाबचा दाखला पटला. पण तेथे मुख्य पक्षच बाहेर राहिला होता. गडचिरोलीत सर्व पक्ष लढतात. मग येथे बहिष्काराचा परिणाम नेमका कोठे शोधायचा?

उत्तर ४: पर्लकोटा

उमेदवारांच्या बाजूला शोधावा. मतदार एका दिवसासाठी घराबाहेर पडतो आणि त्या दिवशी त्याच्याभोवती शेकडो जवान असतात. उमेदवाराला आणि त्याच्या कार्यकर्त्याला मात्र वर्षभर त्याच गावात राहायचे असते. नक्षलवाद्यांना हा फरक पहिल्यापासून पक्का समजलेला आहे. १९९१ मध्ये त्यांनी तत्कालीन आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचे अपहरण केले आणि त्यांच्या बदल्यात आपला अटकेतील नेता सोडवून घेतला. मे २०१३ मध्ये छत्तीसगडच्या झीरम घाटीत काँग्रेसच्या परिवर्तन यात्रेवर हल्ला करून त्या राज्यातील पक्षनेतृत्वाची एक फळीच कापून काढली. विधानसभा निवडणूक तेव्हा काही महिन्यांवर होती. ९ एप्रिल २०१९ रोजी दंतेवाड्याचे आमदार भीमा मंडावी प्रचारावरून परतत असताना स्फोटात मारले गेले, आणि दोनच दिवसांनी आमच्याकडेही मतदान झाले. या सगळ्याचा परिणाम मतदानाच्या टक्केवारीत दिसत नाही. उमेदवार कोणत्या गावात गेलाच नाही, कोणत्या गावात पक्षाचा बूथवर बसणारा प्रतिनिधीच मिळाला नाही, याची यादी केली तर तो दिसेल.

मोठ्या नेत्यांना निदान संरक्षण मिळते. गावपातळीवरच्या माणसाला ‘पोलिसांचा खबऱ्या’ म्हणून रात्री घरातून उचलून नेले की दुसऱ्या दिवशी आसपासच्या दहा गावांचे राजकारण थांबते. २०१२ मध्ये जिल्ह्यातील शेकडो स्थानिक पुढाऱ्यांनी धमक्यांमुळे पक्षाचे आणि पदांचे राजीनामे दिले होते. कित्येक ग्रामपंचायतींत अर्जच न आल्याने जागा रिकाम्या राहत, आणि त्याच गावांत लोकसभेला मात्र रांगा लागत. हा विरोधाभास वरवरचा आहे: मत देणाऱ्याचे नाव कोणी जाहीर करत नाही, अर्ज भरणाऱ्याचे नाव तहसील कार्यालयाच्या फलकावर लागते.

सुरक्षेच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवतो. निवडणुकीच्या काळात बाहेरून तुकड्या येतात आणि मतदान संपले की दुसऱ्या टप्प्यासाठी निघून जातात. जिल्ह्याचे स्वतःचे पोलीस आणि त्यांच्या नक्षलविरोधी विशेष पथकाचे, म्हणजे सी-६० चे, जवान मात्र आधी, मध्ये आणि नंतरही येथेच असतात. ८ ऑक्टोबर २००९ रोजी, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना, लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. २०१९ मध्ये मतदान ११ एप्रिलला पार पडले आणि १ मे रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. निवडणूक ‘शांततेत पार पडली’ असे म्हणताना तो एकच दिवस मोजला जातो.

उत्तर ५: कलम छप्पन्न

पर्लकोटा यांच्याशी सहमत आहे, फक्त एक भर. ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि ती पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तेथे अर्ज भरणारा माणूस पक्षाच्या आडोशालाही उभा राहू शकत नाही. लोकसभेसाठी केंद्रीय दले आणि हेलिकॉप्टर असा जो फौजफाटा उभा राहतो, तो पंचायतीसाठी क्वचितच राहतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली, आणि त्याआधीच वांगेतुरी, गर्देवाडा अशा ठिकाणी नवी पोलीस मदत केंद्रे उभी राहिली होती. परिस्थिती बदलली आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ती किती बदलली, हे पाहण्यासाठी मी पुढच्या लोकसभेच्या टक्केवारीची वाट पाहणार नाही. भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतील पंचायतींसाठी प्रत्येक प्रभागात किती अर्ज आले, किती मागे घेतले गेले, किती जागा बिनविरोध गेल्या आणि किती रिकाम्या राहिल्या, हे आकडे तहसील कार्यालयात मिळतात. कोणी २०१० पासूनचे असे आकडे गोळा केले असतील, तर त्यांनी ते या धाग्यावर जरूर द्यावेत.