इंडेक्सेशन ‘परत आलं’ म्हणजे नेमकं काय? आणि व्याजाची २ लाखांची मर्यादा वाढली तर कोणाला किती?

दोनखणी

लोकसभेत अर्थसंकल्पावर चर्चा सुरू झाली की घरांच्या किमती आणि गृहकर्जावरची करसवलत हे दोन विषय हमखास निघतात. माझे दोन प्रश्न.

पहिला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात घरविक्रीच्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर २० टक्क्यांवरून १२.५ टक्के झाला आणि इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून नफा मोजणं) गेलं. ओरड झाली. ७ ऑगस्टला लोकसभेने वित्त विधेयक मंजूर केलं तेव्हा त्यात दुरुस्ती होती. तेव्हापासून ‘इंडेक्सेशन परत मिळालं’ असंच सगळे म्हणतात. खरंच मिळालं का? २०१०-११ मध्ये ४० लाखांना घेतलेला फ्लॅट २०२५-२६ मध्ये १ कोटी २० लाखांना विकला, तर हिशोब कसा मांडायचा?

दुसरा. राहत्या घराच्या व्याजाची वजावट २०१४ पासून २ लाखांवरच आहे. ती वाढवा, ही मागणी जुनीच. समजा वाढवली, तर ५० लाखांचं कर्ज आणि १५ लाख पगार असलेल्याच्या हातात किती पडतील?

भाषणं माहीत आहेत, आकडेमोड हवी.

---

परंतुक

पहिल्याचं उत्तर: परत मिळालं नाही. कराला वरून मर्यादेची टोपी घातली, एवढंच. हा फरक शब्दांचा वाटतो, पण पैशांचा आहे.

नफा मोजायचा तो आता इंडेक्सेशनशिवायच. आयकर कायदा १९६१ च्या कलम ११२ मध्ये जे परंतुक (अपवाद सांगणारं वाक्य) घातलं ते म्हणतं की नव्या पद्धतीचा कर जुन्या पद्धतीच्या करापेक्षा जास्त येत असेल, तर वरचा जादा भाग सोडून द्या. तुमचे आकडे घेऊ.

नवी पद्धत: १२० उणे ४० = ८० लाख नफा. १२.५ टक्क्यांनी १० लाख.

जुनी पद्धत: इंडेक्सेशनसाठीचा सरकारी महागाई निर्देशांक २०१०-११ चा १६७, २०२५-२६ चा ३७६. ४० लाख × ३७६ ÷ १६७ = ९०.०६ लाख. नफा २९.९४ लाख, २० टक्क्यांनी ५.९९ लाख.

म्हणजे भरायचे ५.९९ लाख, वर अधिभार आणि ४ टक्के उपकर. इथेच पहिली मेख आहे. एकूण उत्पन्नात जातात ते ८० लाख, २९.९४ नव्हे. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेल्यामुळे १० टक्के अधिभार लागतो. जुन्या कायद्याच्या सवयीने ३० लाखच धरणारा इथे हमखास फसतो.

दुसरी मेख तोट्याची. हाच फ्लॅट ८५ लाखांना गेला असता, तर जुन्या पद्धतीने ५.०६ लाख तोटा दिसतो. कर शून्य, हे बरोबर. पण तो तोटा पुढे ओढता येत नाही की दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. कायद्याच्या नजरेत तुम्हाला ४५ लाख नफाच झालाय, फक्त त्यावरचा कर माफ.

कोणती पद्धत स्वस्त पडेल याचा झटपट ताळा असा: दोन निर्देशांकांचं गुणोत्तर घ्या, त्याला ८ ने गुणून ३ ने भागा, त्यातून १.६७ वजा करा. इथे गुणोत्तर २.२५, म्हणून उत्तर ४.३४. विक्रीची किंमत खरेदीच्या ४.३४ पटीपेक्षा जास्त असेल (म्हणजे साधारण १ कोटी ७३.५ लाखांच्या वर) तर १२.५ टक्केच स्वस्त. त्यासाठी किंमत पंधरा वर्षं सलग सव्वादहा टक्क्यांनी वाढायला हवी. इतकी कुठे वाढली ते ज्याचं त्याने पाहावं.

टोपी फक्त निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला, आणि मालमत्ता २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली हवी. अनिवासी, कंपन्या आणि भागीदारी संस्था बाहेर. बांधकाम चालू असताना घेतलेल्या फ्लॅटचं वाटपपत्र, करारनामा आणि ताबापावती तिन्ही जपा, कारण भांडण ‘घेतली’ या शब्दाच्या तारखेवरच होतं. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, पण त्या दिवसाच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा जास्त नाही. मूल्यांककाचा फुगवलेला अहवाल तिथेच आपटतो.

---

हप्तेबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच जणांना रुचणार नाही.

५० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं: हप्ता सुमारे ४३,३९० रुपये. पहिल्या वर्षी व्याजात जातात साधारण ४.२१ लाख, मुद्दल फिटतं जेमतेम लाखभर. म्हणजे अर्ध्याहून जास्त व्याजावर वजावट नाहीच. मागणीमागचं दुखणं खरं आहे.

आता कर. तो दोन प्रणालींनी मोजता येतो: जुनीत वजावटी मिळतात, नवीत दर कमी पण बहुतेक वजावटी नाहीत. पगार १५ लाख. जुनी प्रणाली: प्रमाणित वजावट ५०,०००, कलम ८०सी खालच्या गुंतवणुकीचे १.५ लाख (मुद्दल त्यातच), व्याज २ लाख. करपात्र ११ लाख. कर १,४२,५००, उपकरासह १,४८,२००.

नवी प्रणाली, २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरची: ७५,००० वजा, करपात्र १४.२५ लाख. कर ९३,७५०, उपकरासह ९७,५००. राहत्या घराच्या व्याजाची एका पैशाची वजावट न घेता.

मर्यादा ३ लाख केली तर जुन्यात १,१७,०००. अजूनही महाग. ४ लाख, म्हणजे दुप्पट केली तर ९६,२००. फायदा १,३०० रुपये. दुप्पट मर्यादेचं मोल वर्षाला तेराशे, आणि तेही पहिली काही वर्षं, कारण पुढे व्याजच ४ लाखांच्या खाली येतं. आरोग्य विम्याची वजावट, राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे ५०,००० असं काही असेल तर पारडं थोडं हलेल, पण चित्र तेच.

म्हणून ‘मर्यादा वाढवा’ एवढंच म्हणणाऱ्या खासदाराला विचारायला हवं: कोणत्या प्रणालीत? नव्या प्रणालीत राहत्या घराचं व्याज आत घेतलं नाही, तर ही मागणी पोकळ आहे. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला वाढीव लाखामागे ३१,२०० मिळतात, २० टक्क्यांवाल्याला २०,८००, आणि नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत ज्याचा कर आधीच शून्य आहे त्याला काहीच नाही. घर न परवडणारा मोठा वर्ग नेमका तोच.

---

सातबारा

@हप्तेबंद, घर भाड्याने दिलेलं असेल तर नव्या प्रणालीतही व्याज मिळतं ना? लोक दोन्हीची गल्लत करतात.

---

हप्तेबंद

मिळतं, पण भाड्यापुरतंच. भाडं वर्षाला ३ लाख, घरपट्टी २०,०००. उरले २.८० लाख, त्यातून ठरलेली ३० टक्के वजावट म्हणजे ८४,००० वजा, राहिले १.९६ लाख. व्याज ४.२१ लाख. तोटा २.२५ लाख. जुन्या प्रणालीत त्यातले २ लाख पगारातून वजा होतात आणि २५,००० पुढच्या आठ वर्षांत घरभाड्याच्या उत्पन्नासमोर वापरता येतात. नव्यात पगाराला हात लावता येत नाही. ३० टक्के घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर काढायचे, आधीच्या नव्हे. ही चूक फार दिसते.

---

परंतुक

त्या ३० टक्क्यांवरून आठवलं. नव्या आयकर कायद्याच्या मसुद्यात नेमकं हेच संदिग्ध होतं. बैजयंत पांडा यांच्या प्रवर समितीने जुलै २०२५ च्या अहवालात ते स्पष्ट करायला सांगितलं, आणि ताब्याआधीचं व्याज (पाच समान हप्त्यांत मिळतं ते) भाड्याच्या घरालाही मिळावं असंही. सुधारित विधेयक ११ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत गोंधळात, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झालं. घरमालकाच्या खिशाशी थेट संबंध असलेला बदल समितीच्या खोलीत झाला, सभागृहात त्यावर कोणी बोललंही नाही.

तेव्हा संसदेत काय झालं हे पाहायचं असेल तर क्रम असा ठेवा. भाषणं शेवटी. आधी सरकारी दुरुस्त्यांची यादी, मग मंजूर झालेलं विधेयक; दोन्ही संसदेच्या संकेतस्थळावर असतात. मग प्राप्ती अंदाजपत्रकाचं परिशिष्ट, ज्यात सवलतींमुळे बुडणारा महसूल दिलेला असतो. खासदाराला कर कमी करणारी दुरुस्ती मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागत नाही (अनुच्छेद ११७ चं परंतुक), त्यामुळे अशा दुरुस्त्या येतात आणि आवाजी मतदानात पडतात. वित्त विधेयक धन विधेयक असल्यामुळे राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, तेही १४ दिवसांत. कपात सूचना ही वेगळी गोष्ट, ती खर्चाच्या मागण्यांवर असते. तिने करात काही बदलत नाही.

---

सातबारा

किमतीच्या बाजूने एक राहिलं. व्याजावरची सवलत मागणी वाढवते. जिथे नवी घरं सावकाश येतात तिथे तिचा बराचसा भाग विकणाऱ्याच्या किमतीत मुरतो, हे माझं मत. त्यापेक्षा ४५ लाखांची रेघ जास्त टोचते.

१ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का, इतर घरांना ५. अटी दोन: किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटर, इतरत्र ९०. किंमत म्हणजे बिल्डर घेतो ती सगळी रक्कम, पार्किंग, मजल्याचा जादा दर आणि क्लबहाऊससकट. फ्लॅट ४३.५ लाख आणि वर पार्किंगचे २ लाख असले की ४५.५ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २,२७,५०० रुपये. रेघेच्या आत राहिला असता तर ४५,००० च्या आत भागलं असतं. दरपत्रकात पार्किंग वेगळ्या ओळीत दिसलं की आधी बेरीज करा, मग जीएसटीचा दर विचारा.