सल्ला हवा : माझदा ७८७बीची प्रतिकृती कोणती घ्यावी?

पिंपळकर
नमस्कार. फ्रान्समधील ल मान्सच्या १९९१ च्या २४ तासांच्या मोटार शर्यतीत धावलेल्या माझदा ७८७बी या गाडीची १:४३ प्रमाणातील प्रतिकृती मला टेबलावर ठेवण्यासाठी घ्यायची आहे. खर्चाची मर्यादा तीन हजार रुपये आहे. जाणकारांनी कृपया सुचवावे.

चाकोरीबाहेर
इतकी लहान प्रतिकृती घेऊ नका, थेट १:१८ घ्या. माझ्याकडे नारिंगी-हिरवी ५५ क्रमांकाची आहे. पैसे कितीतरी पट गेले, पण घरी येणारा प्रत्येक जण आधी तिच्याचपाशी थांबतो.

किटवेडा
त्यापेक्षा तामिया या जपानी कंपनीचा १:२४ किट (सुट्या भागांचा संच) स्वतः जोडा. चाकांवरच्या गोलाईवर डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रे) बसवताना सॉफ्टनर, म्हणजे ती मऊ करणारा द्रव, लावून थांबावे लागते. घाई केली की सुरकुती पडते आणि ती पुन्हा निघत नाही. माझ्या खोक्यात डिकॅलचा कागद दुमडलेला निघाला आणि विक्रेत्याने हात वर केले, म्हणून खोके उघडतानाच छायाचित्रे काढून ठेवा.

नऊहजारी
५५ च घ्या. ल मान्स जिंकणारी रोटरी इंजिनाची (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेली) ती एकमेव गाडी आहे, आणि ती जिंकली म्हणूनच रोटरीवर बंदी आली.

जुना कारभारी
बंदीची ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण ती खरी नाही. फक्त ३.५ लिटरची पिस्टन इंजिने वापरण्याचा नियम, ज्यात रोटरी बसत नव्हते, त्या विजयाच्या आधीच ठरलेला होता. खरा मुद्दा वजनाचा आहे : जग्वार आणि मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांना १००० किलोंची अट असताना माझदाला ८३० किलोंची मुभा मिळाली, त्यामुळे इंधन, टायर आणि ब्रेक या सर्वांवरचा ताण कमी झाला आणि एकोणिसाव्या जागेवरून सुटलेली गाडी, आघाडीची मर्सिडीज रविवारी दुपारी इंजिन तापून थांबताच, पहिली आली.

नऊहजारी
मुभा कागदावर मिळते, ३६२ फेऱ्या मात्र माणसांनाच माराव्या लागतात. जॉनी हर्बर्ट शेवटी चालक न बदलता गाडी हाकत राहिला आणि इतका गळून गेला की विजयमंचावरही जाऊ शकला नाही.

नागोयावासी
मीही ५५ च म्हणेन. जमल्यास हिरोशिमाच्या माझदा संग्रहालयात मूळ गाडी पाहा. आगाऊ नोंदणी करावी लागते. चार रोटरांचे २६१६ घन सेंटिमीटरचे इंजिन सुमारे ७०० अश्वशक्ती देत होते, हे तिथे उभे राहिल्यावर खरे वाटू लागते.

पिंपळकर
सर्वांचे मनापासून आभार. मी ५६ क्रमांकाची, म्हणजे ७८७बीच्या आधीच्या ७८७ या गाडीची पांढरी-निळी प्रतिकृती घेणार आहे. त्या वर्षी माझदाच्या तिन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली : ५५ पहिली, १८ सहावी आणि ५६ आठवी. वर्षानुवर्षे रोटरी गाड्या घेऊन ल मान्सला जाणारे योजिरो तेरादा आणि ताकाशी योरिनो ५६ मध्ये होते, त्यामुळे मला तीच हवी आहे. तीन हजारांत मिळेपर्यंत थांबेन.